कापलं की कंबरमोडी, भाजलं की कोरफड

दिंडोरी तालुक्यात द्राक्षांची गोडी छाटणी सुरू झाली की बागेत माणसं दिसण्याआधी कात्र्या ऐकू येतात. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून आलेल्या टोळ्या एकराच्या हिशेबाने उक्तं काम घेतात, त्यामुळे हात थांबवणं कुणालाच परवडत नाही. डाव्या हाताने काडी धरायची, डोळे मोजायचे आणि उजव्या हाताने कात्री चालवायची. जखमाही मग ठरलेल्या जागीच होतात: डाव्या अंगठ्याच्या पेराला, नाहीतर तर्जनीच्या टोकाला.

मी बागेत गेलो होतो कोरफडीच्या शोधात. नाशिकच्या घराघरांत, बाल्कनीतल्या कुंडीत किंवा दारावर उलटी टांगलेली कोरफड असते आणि 'जखमेला काय लावायचं?' या प्रश्नाचं उत्तरही बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. ज्यांना हंगामभर जखमा होतात ती माणसं ती कशी वापरतात, ते मला पाहायचं होतं.

दुपारच्या आत एका पोराचा अंगठा कापला. टोळीतल्या एका मावशी ओळीतून बाहेर आल्या आणि थेट बांधाकडे गेल्या. लांब दांड्यावर पिवळट-पांढरं फूल आणि जमिनीलगत लवदार, दातेरी पानं असलेलं एक तण त्यांनी उपटलं. पानं पाण्याने धुतली, तळहातावर चोळली, हिरवा रस जखमेवर पिळला, चोथा वर दाबला आणि ओढणीची चिंधी घट्ट बांधली. ही कंबरमोडी. कुणी तिला एकदांडी म्हणतं, कुणी दगडीपाला. मूळची ती उष्णकटिबंधीय अमेरिकेतली, पण आता महाराष्ट्रात एकही बांध तिच्यावाचून नसेल.

"कोरफड नाही का लावत?" मी विचारलं.

"कापल्याला नाय लावत ती. भाजल्याला लावायची," मावशी म्हणाल्या. "कापलं की रगत थांबाया पायजे. कोरफडीनं बुळबुळीत व्हतं, फडकं टिकत नाय."

एवढा नेमका भेद मला शहरात कुणी सांगितला नव्हता. शहरात कोरफड सगळ्यावरच चालते: केस, पोट, मुरूम, साखर, सांधे. बागेत तिला एकच खातं दिलेलं आहे. रक्त थांबण्याचं श्रेय मात्र पानाला किती आणि घट्ट दाबून बांधलेल्या चिंधीला किती, हा प्रश्न उरतोच. मला चिंधीचा वाटा मोठा वाटतो. शिवाय पान कितीही धुतलं तरी ते बांधावरच्या मातीतून आलेलं असतं आणि धनुर्वाताचे जंतू मातीतच राहतात. त्या पोराला संध्याकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात इंजेक्शनसाठी पाठवलं, ते मालकाने चांगलं केलं.

कोरफड पाहायला मिळाली ती शेडमध्ये. तीन दगडांच्या चुलीवर चहाचं पातेलं होतं. ते उतरवताना एका बाईच्या मनगटावर उकळता चहा सांडला. मावशींनी आधी तिला नळाखाली उभं केलं. हात खाली धरायचा आणि पाणी वरून वाहू द्यायचं. ती बाई कंटाळून हात काढायला लागली की मावशी ओरडायच्या, "अगं, आग निघू दे आधी!" बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही, कणीकही नाही. भाजल्यावर साधारण २० मिनिटं वाहतं गार पाणी, हाच आज जगभरच्या डॉक्टरांचा पहिला सल्ला आहे. कातडीच्या वरच्या थरात अडकलेली उष्णता खाली झिरपत राहते आणि ती जितकी लवकर बाहेर काढाल तितकं खालचं मांस वाचतं.

पाणी वाहत होतं तेवढ्या वेळात पात तयार झाली. शेडमागे, मालकाच्या घराच्या पडवीला लागून कोरफडीचं जुनं बेट होतं. मावशींनी मधली कोवळी पात सोडून सगळ्यात खालची, बाहेरची, जाड पात धरली आणि बुंध्याशी, जिथे ती पांढरट होते तिथून, विळ्याने सोडवली. कापलेल्या टोकातून लगेच पिवळा चीक पाझरायला लागला. पात त्यांनी भिंतीला टेकवून उभी ठेवली, कापलेलं तोंड खाली. चीक थेंबाथेंबाने मातीत पडत राहिला. हवा लागली की तो तांबूस, मग काळपट होतो.

या टप्प्यावर बहुतेक जण घाई करतात. पात कापायची, फोडायची आणि लगेच चोळायची, असं मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. पण कोरफडीच्या एका पातीत दोन वेगळे पदार्थ असतात आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. हिरव्या सालीच्या लगेच खाली, रसवाहिन्यांच्या कडेने बारीक नळ्या असतात. कडू पिवळा चीक त्यांतला. त्यात अलोईनसारखी द्रव्यं असतात. तो आटवून वाळवला की काळा बोळ होतो. आपल्याकडे मुका मार लागला, सूज आली की बोळ उगाळून लावतात, तोच हा. पोटात गेला तर तो जबर रेचक आहे, आणि नाजूक किंवा भाजलेल्या कातडीवर तो खाज आणि आग करू शकतो. आत असतो तो गर, पारदर्शक आणि जवळजवळ चवहीन. त्यात सुमारे ९९ टक्के पाणी. उरलेल्या एका टक्क्यात सगळी कीर्ती: ॲसेमॅनन नावाची लांब साखळीची शर्करा, थोडी आम्लं, क्षार, विकरं.

पंधराएक मिनिटांनी मावशींनी पात धुतली, दोन्ही काटेरी कडा विळ्याने उतरवल्या आणि चपट्या बाजूची साल काढली. गराची लांबट वडी निघाली. ती पुन्हा पाण्याखाली धरली, कारण सालीशी घासून उरलेला चीक गराच्या अंगाला चिकटलेला असतो. मग बोटाएवढा तुकडा कापून भाजलेल्या जागेवर नुसता ठेवला, चोळला नाही. वरून धुतलेलं सुती फडकं सैल बांधलं. "सुकला की बदलायचा. आणि फोड आला तर फोडायचा नाय," एवढ्या दोन सूचना.

गार वाटलं, हे त्या बाईने लगेच सांगितलं. त्यात जादू काही नाही. ९९ टक्के पाणी असलेला लगदा कातडीवर बसला की पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. पण दुसरंही एक काम होतं. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या कातडीवरच्या उथळ जखमा अभ्यासून दाखवलं की, झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्यावर सुकवलेल्या जखमेपेक्षा लवकर भरते. खपली धरली की नव्या पेशींना तिच्याखालून वाट काढावी लागते. ओलाव्यात त्या सरळ सरकतात. आजच्या महागड्या हायड्रोजेल पट्ट्या याच तत्त्वावर आहेत. बाजारात ते तत्त्व येण्याच्या कितीतरी आधीपासून कोरफडीची वडी नेमकं हेच करत आली आहे.

यापलीकडे तिच्या अंगचा काही गुण आहे का? चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये उंदरांच्या जखमांवर कोरफड लावून पाहिली, तेव्हा नव्या कातडीत कोलॅजनचं प्रमाण वाढलेलं आढळलं. कमावलेल्या कातड्यासाठी असलेल्या संस्थेने जिवंत कातडीवर काम करावं, ही मला गंमत वाटते. माणसांवरचे निकाल मात्र इतके सरळ नाहीत. २००७ मध्ये थायलंडमधल्या संशोधकांनी भाजलेल्या जखमांवरचे चार अभ्यास, एकूण ३७१ रुग्ण, एकत्र तपासले. कोरफड लावलेल्यांच्या जखमा सरासरी नऊएक दिवस आधी भरल्या, पण अभ्यासांच्या पद्धती एकमेकींशी जुळत नव्हत्या. २०१२ च्या कॉक्रन आढाव्यात सगळ्या प्रकारच्या जखमांवरच्या सात चाचण्या, ३४७ रुग्ण तपासले आणि ठोस म्हणावा असा पुरावा नाही, असा निर्वाळा दिला.

मला सर्वात बोलका वाटतो तो १९९१ चा अमेरिकेतला अभ्यास. सिझेरियन किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर टाके उसवलेल्या २१ स्त्रियांपैकी काहींच्या उघड्या जखमांवर नेहमीचे उपचार केले, काहींवर त्यासोबत कोरफडीचं जेल लावलं. नेहमीच्या उपचारांनी जखमा सरासरी ५३ दिवसांत भरल्या. कोरफडवाल्यांना ८३ दिवस लागले. महिनाभर उशीर! अभ्यास लहान होता, तरी खोल, उघडी, आतून भरून यायची जखम आणि चहाने भाजलेलं मनगट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून दिसतं. मावशींना तो अभ्यास माहीत असायचं कारण नाही, पण कापल्याला एक आणि भाजल्याला दुसरं, हे त्यांचं वाटप त्याच दिशेचं आहे.

पंचवटीत एका वैद्यबाईंशी बोलताना याला आणखी जुनी चौकट मिळाली. सुश्रुताने व्रणाच्या उपचारांचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांत जखम आधी शुद्ध करायची, मग भरून आणायची, हा क्रम आहे: शोधन, मग रोपण. "लोक शोधन गाळून रोपणावर येतात," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे त्रिफळ्याच्या नाहीतर कडुनिंबाच्या काढ्याने जखम धुतात, स्वच्छ झाल्यावर जात्यादी तेल वापरतात. कोरफड म्हणजे कुमारी त्यांच्या लेखी मुख्यतः दाहावरची. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात तिच्या गुणांमध्ये अग्निदग्ध आणि विस्फोट, म्हणजे भाजणं आणि फोड, यांची नोंद आहे. मधुमेही माणसाच्या पायाच्या जखमेचं विचारलं, तर त्यांनी हात जोडले. "त्याला घरी काहीच लावू नका. तसाच घेऊन या." बधिर पायाला आतला पू कळत नाही आणि वर गार वाटत राहतं, ही त्यांची खरी भीती.

नाशिकच्या बागेत भाजण्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि तिथे कोरफड आणायला धावणंही धोक्याचं. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांवर हायड्रोजन सायनामाईड लावतात. बागेत त्याला नुसतं 'पेस्ट' म्हणतात. हातमोज्यावर फडकं गुंडाळून, द्रावणात बुडवून डोळ्यांवर फिरवायचं. मोजा फाटला, द्रावण मनगटावरून आत उतरलं की कातडी लाल होते, सोलते. वर लगदा बसवला तर रसायन आतच धरून ठेवल्यासारखं होतं. तिथे भरपूर वाहतं पाणी, भिजलेले कपडे उतरवणं आणि दवाखाना, एवढंच. त्यात हे रसायन शरीरात दारूचं विघटन अडवतं. पेस्टचं काम करून संध्याकाळी घोट घेतला तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, माणूस कोसळू शकतो. टोळीतल्या पुरुषांना हे चांगलं ठाऊक आहे, पाळतात किती ते वेगळं. नाशिकची द्राक्षं ज्या युरोपात जातात, त्या युरोपीय संघाने २००८ मध्ये या रसायनाला मान्यता नाकारली.

कोरफडीला जुळी वाटणारी एक वनस्पतीही या भागात कुंपणाला सर्रास असते: घायपात. टोकाला एकच दणकट काटा, आत वाखाचे धागे, आणि रसात सुईसारखे स्फटिक असतात. ते कातडीत रुतले की खाजेने जीव जातो. गावातला माणूस फसत नाही. शहरातून आलेला, मोबाईलवर फोटो पाहून पात तोडणारा फसतो. सकाळी फिरून आल्यावर कोरफडीचा रस पिणाऱ्यांनाही एक सांगायला हवं: साल-चिकासकट अख्ख्या पातीच्या अर्काला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 'कर्करोगकारक असू शकतो' अशा गटात टाकलं आहे. चीक धुऊन टाकण्याचा मावशींचा हट्ट त्यांच्याही उपयोगाचा आहे.

बागमालकाचा मुलगा कृषी पदवीधर. हे सगळं पाहून त्याच्या डोक्यात आलं की पन्नासेक पातींचा गर काढावा, मिक्सरला लावून बाटल्या भराव्यात आणि प्रत्येक टोळीला एक द्यावी. गर उघडा पडला की काही तासांत रंग बदलतो, पातळ होतो, जंतूंना आयतं घर मिळतं. दुकानातली ट्यूब टिकते ती परिरक्षकांमुळे. हे त्याला पुस्तकातून माहीत होतं, तरी मोह होतोच. मावशींनी एका वाक्यात निकाल लावला, "भाऊ, ती झाडावरच चांगली ऱ्हाती." खरं आहे. पात झाडावर असताना तिचा गर महिनोन्‌महिने ताजा असतो. ही वनस्पती श्वासरंध्रं रात्री उघडते, दिवसा मिटते, म्हणून उन्हातही पाणी धरून राहते.

मग त्याने बागेच्या प्रत्येक कोपऱ्यात, पंपघराजवळ रोपं लावायचं ठरवलं. तेही मावशींनी मोडून काढलं. द्राक्षावर हंगामभर फवारण्या चालतात, ट्रॅक्टरच्या ब्लोअरचा तुषार दोन-चार ओळी ओलांडून जातो, बांधावरच्या प्रत्येक पानावर बसतो. तसली पात उघड्या कातडीवर ठेवायची? शेवटी जागा ठरली ती मजुरांच्या खोल्यांमागे, नळाच्या मोरीपासून हातभर उंचावर, म्हणजे पाणी साचून मुळं कुजणार नाहीत आणि भाजलेला हात धुता धुता पातही हाताशी येईल. बेटातून सहा पिल्लं सोडवली. मुलगा पाइप घेऊन पाणी घालायला निघाला, तर मावशी म्हणाल्या, "आठ दिवस नको. आधी तिची जखम सुकू दे."