बंदराची राखणदार नौका खाडीकाठी

भिवंडी तालुक्यातील काल्हेर हे गाव आज गोदामांसाठी ओळखले जाते. ठाणे-भिवंडी रस्त्यावर मालमोटारींची अखंड वर्दळ असते. गावालगतच्या उल्हास खाडीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः याच जलमार्गाने कल्याण आणि भिवंडी ही गावे एके काळी समुद्राशी जोडलेली होती. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी स्वराज्यात आणली आणि मराठी आरमाराच्या उभारणीस याच परिसरात प्रारंभ झाला.

काल्हेरहून वरच्या अंगाला, याच खाडीच्या काठी कल्याणचा दुर्गाडी किल्ला आहे. तेथील आरमार संग्रहालयासाठी कल्याण-डोंबिवलीच्या स्मार्ट सिटी प्रकल्पाने नौदलाची ‘टी-८०’ ही निवृत्त नौका निवडली, हे औचित्यपूर्णच होय.

टी-८० ही इस्रायलमध्ये बांधलेली जलद गस्ती नौका. २४ जून १९९८ रोजी ती नौदलात दाखल झाली आणि २३ सप्टेंबर २०२१ रोजी निवृत्त झाली. मुंबई बंदरालगतच्या उथळ पाण्यात मोठ्या युद्धनौकांना सहज वावरता येत नाही. तेथे संशयित होड्यांचा पाठलाग करणे आणि किनाऱ्याची राखण करणे हे तिचे काम होते. ताशी ४० सागरी मैलांहून, म्हणजे सुमारे ७४ किलोमीटरहून, अधिक वेग ती गाठू शकत असे.

नौका मिळविणे हा जतनाचा केवळ आरंभ असतो. पाण्यात उभ्या नौकेच्या तळाला शेवाळ व कालवे चिकटतात, खाऱ्या पाण्याने धातू झिजतो आणि ठरावीक काळाने तिला गोदीत न्यावे लागते. जमिनीवर ठेवलेल्या नौकेचा हा खर्च वाचतो. परंतु भार सर्वत्र सारखा पेलणारा आधार, पावसाच्या पाण्याचा निचरा आणि नियमित रंगकाम यांची गरज तिलाही असतेच.

याबाबतीत ‘विक्रांत’चा अनुभव बोलका आहे. १९७१ च्या युद्धात पराक्रम गाजविणारी ही विमानवाहू नौका १९९७ साली निवृत्त झाली व २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून खुली राहिली. कायम देखभालीची सोय होऊ न शकल्याने सुरक्षिततेच्या कारणास्तव २०१२ मध्ये ती बंद झाली आणि २०१४ मध्ये मोडीत निघाली. लोकांची आस्था उदंड होती. उणीव होती ती दरवर्षीच्या तरतुदीची.

म्हणून अशा प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात उभारणीच्या रकमेबरोबरच वार्षिक देखभालीची स्वतंत्र तरतूद पहिल्या दिवसापासून असली पाहिजे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना दुर्गाडीवर नेताना वाटेत काल्हेरची खाडीही दाखवावी. ग्रामपंचायतींनी आपापल्या हद्दीतील जुने धक्के, होड्या आणि नावाड्यांच्या आठवणी यांची नोंद करून ठेवावी. नौका खाडीकाठी उभी राहील. पण तिचा अर्थ कळण्यासाठी खाडीची ओळखही जिवंत राहिली पाहिजे.