घोडेस्वाराची कंबर

वस्त्रांचा इतिहास सामान्यतः रेशमाच्या जातींचा, रंगांचा आणि जरीच्या वजनाचा म्हणून सांगितला जातो. परंतु मंगोलांच्या पोषाखाचा मागोवा घेण्याचा छंद जडल्यापासून माझे मत असे दृढ होत गेले आहे की, या भटक्या अश्वारोहींनी आशियाच्या वेशभूषेवर जो ठसा उमटविला, तो रंगात वा जरीत नव्हे, तर कमरेवर शोधावा.

पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो. इ. स. १२०६ मध्ये तेमुजिनाने चंगीजखान हा किताब धारण केला, त्याचा नातू कुबलाई याने १२७१ मध्ये चीनमध्ये युआन राजवटीची घोषणा केली, आणि १३६८ मध्ये ती राजवट तेथून उखडली गेली. मधल्या लढाया, कत्तली आणि वारशाचे तंटे जिज्ञासूंनी अन्यत्र वाचावेत.

मंगोलियात आजही अंगावर दिसणारा झगा म्हणजे ‘देल’. उंच गळपट्टी, बोटांच्याही खाली उतरणाऱ्या बाह्या, डावा पदर छातीवरून उजव्या बाजूस नेऊन बगलेशी घुंड्यांनी अडकविलेला, आणि या सर्वांवर कित्येक हात लांबीचा रेशमी कमरबंद. जुलैमध्ये भरणाऱ्या नादाम उत्सवासाठी मी उलानबातरला गेलो असता, शर्यतीच्या माळावर एक वृद्ध स्वार घोड्याच्या आडोशाने हा कमरबंद सोडून पुन्हा आवळीत असलेला दिसला. शेवटचा वेढा बसताच त्याने छातीशी सैल झालेल्या पदरात हात घालून प्रथम तपकिरीची बाटली काढून माझ्यापुढे धरली, मग लाकडी वाटी आणि नंतर दह्याचे वाळविलेले तुकडे! खिसा नावाची वस्तू शिवण्याचे कारणच या लोकांना का पडले नसावे, याचा उलगडा तेथे झाला. तपकिरीस नकार देणे हा तेथे असभ्यपणा समजतात. आमच्या घरी आजोबांच्या डबीस हात लावण्याची प्राज्ञा नव्हती, ती कसर मी त्या माळावर मनसोक्त शिंकून भरून काढली. परंतु त्या कमरबंदाचे मुख्य प्रयोजन सामान वाहणे हे नव्हे. दिवसदिवस घोडा पिटाळणाऱ्याच्या पाठीस आणि पोटास जे हिसके बसतात, त्यांना आवर घालण्यासाठी कंबर घट्ट बांधलेली असावी लागते.

या गरजेतूनच माझ्या सर्वाधिक आवडीचा अंगरखा निर्माण झाला. युआन काळात कमरेच्या भागावर पिळलेल्या रेशमी दोऱ्यांच्या आडव्या रांगा एकीखाली एक इतक्या दाट टाचीत, की त्याचा जणू एक रुंद पट्टाच तयार होई. त्याखाली असंख्य चुण्यांचा घेर सुटे, जो खोगिरावर बसताच दोन्ही अंगांनी पसरे. वर ताठ, मध्ये आवळलेले आणि खाली मोकळे असे हे वस्त्र बेतणारा शिंपी स्वतः अश्वारोहणात निपुण असला पाहिजे, याविषयी माझी खात्री आहे. कापडाची तरतूद तर राजाश्रयाने होई. १२२१ मध्ये हेरात जिंकल्यावर तेथील विणकर पकडून पूर्वेस बेशबालिक येथे वसविले गेले, आणि ‘नसीज’ हे सोन्याच्या तारेचे वस्त्र सरकारी कारखान्यांत विणले जाऊ लागले. १२४६ मध्ये मंगोल सम्राट गुयुकच्या राज्यारोहणास हजर असलेला पोपचा वकील कार्पिनी लिहितो की, जमलेले सरदार पहिल्या दिवशी शुभ्र, दुसऱ्या दिवशी तांबड्या, तिसऱ्या दिवशी निळ्या आणि चौथ्या दिवशी जरीच्या पोषाखात आले होते. कुबलाईची पट्टराणी चाबी हिने तर धनुर्धाऱ्यांच्या सोयीसाठी बाह्या व गळपट्टी नसलेले एक वस्त्र स्वतः योजिले, अशी नोंद युआन राजवटीच्या अधिकृत इतिहासात आहे. ज्या सम्राज्ञीचे लक्ष सैनिकाच्या काखेपर्यंत पोहोचते, तिच्याविषयी मला विलक्षण आदर वाटतो.

मंगोल सत्तेचा पाडाव करणाऱ्या मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहाने, होंगवूने, १३६८ मध्येच फर्मान काढले की परकीय वेश टाकून तांग काळातील वस्त्रे पुन्हा परिधान करावीत. हुकूम कडक होता. पण त्याच बादशहाचा दहावा पुत्र झू तान अल्पवयात निवर्तला, आणि शांतुंग प्रांतातील त्याच्या थडग्याचे उत्खनन झाले तेव्हा आत कमरेवर दोऱ्या टाचलेला, चुण्यांच्या घेराचा नागमुद्रांकित अंगरखा मिळाला. पित्याने ज्याला दाराबाहेर काढले, ते पुत्राने परलोकात बरोबर नेले! पुढे तर मिंग दरबारातील खोजे, शरीररक्षक आणि शिकारीस निघालेले बादशहा याच धाटणीचे झगे राजरोस वापरू लागले.

कोरियात हा प्रवास अधिक दीर्घ झाला. कुबलाईचा जामात झालेल्या चुंग्न्योल राजाने १२७८ मध्ये प्रजेस मंगोल वेश व केशरचना स्वीकारण्याचा हुकूम केला. पुढील शतकात गोंगमिन राजाने तो शिरस्ता मोडला, वेण्या गेल्या, मात्र चुण्यांचा अंगरखा ‘चोल्लिक’ या नावाने पुढे कित्येक शतके लष्करी अंमलदारांच्या अंगावर राहिला. काळाच्या ओघात त्याची कमर वर सरकत गेली आणि घेर लांबला. घोडा मागे पडला की कंबर अशी भरकटते, असे माझे आपले अनुमान. सोलच्या राजवाड्यापुढे कर्णे आणि झांजा वाजवीत जाणारे पिवळ्या चोल्लिकातील वादक मी पाहिले आहेत, आणि तेथील दुकानांत याच बेताचे मुलींचे झगे हौसेने विकले जात असलेलेही.

आपल्याकडील जाम्याचे मूळ थेट मंगोलांपाशी नेऊन भिडविण्याचा मोह मी आवरतो, कारण त्यावर इराणी आणि देशी शिवणकामाचेही संस्कार आहेत. तथापि एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. तेराव्या शतकातील प्रवासी रुब्रुक सांगतो की, तुर्क लोक अंगरखा डावीकडे बांधतात आणि तातार, म्हणजे मंगोल, नेहमी उजवीकडे. अबुल फजलाच्या ‘आईन-इ-अकबरी’त नोंद आहे ती अशी की, ‘तकौचिया’ नावाचा जो हिंदी अंगरखा पूर्वी घेराला चिरा ठेवून डाव्या अंगास बांधीत, तो अकबराने गोल घेराचा करवून उजवीकडे बांधण्याची आज्ञा केली. चंगीजचा वंशज म्हणविण्यात भूषण मानणाऱ्या बादशहाने असे करावे, यात योगायोग किती आणि अभिमान किती, हे विद्वानांनी ठरवावे. माझा कौल अभिमानाला आहे. पुढे मुसलमानांनी बंद उजवीकडे आणि हिंदूंनी डावीकडे बांधावेत, असा दस्तूर दरबारी जाम्यांत रूढ झाला, आणि जुन्या लघुचित्रातील अनामिक सरदार कोणत्या धर्माचा हे ठरविताना जाणकार प्रथम त्याच्या काखेखालचे बंद पाहतात.