‘वयनीनू, सोलां उचला!’

बँकेतल्या माणसांचा जसा मार्च एंड, तसा आम्हा मालवणकडच्या बायकांचा मे एंड. राहिलेली सगळी कामं त्या आठ-दहा दिवसांत पुरी करायची. मिरग लागायच्या आत, म्हणजे ७-८ जूनच्या आत, चार महिन्यांची बेगमी घरात आलेली हवी. मिरची वाळवून, कुटून मसाला बरणीत. कुळीथ, तांदूळ ऊन दाखवून डब्यात. पोह्याचे पापड, सांडगी मिरची, आंब्याची नि फणसाची साठं, सुके बांगडे, सुका जवळा. लाकडं पडवीत रचलेली. आणि या सगळ्यांच्या वर सोलं. मालवणी घरात एक वेळ गॅस संपलेला चालेल, पण सोलं संपून चालत नाही.

देशावरच्या मैत्रिणींसाठी सांगते, सोलं म्हणजे तुमची आमसुलं. दुकानात पुडीत मिळतात म्हणून ती सोपी वाटतात. एप्रिल-मेमध्ये रातांबे पिकून लालभडक होतात. ते फोडायचे, आतला गर आणि बिया वेगळ्या करायच्या, साली उन्हात घालायच्या. एवढ्यावर भागत नाही. गराच्या रसात मीठ घालून आगळ करायचं, वाळलेल्या साली त्यात भिजवायच्या आणि पुन्हा उन्हात. पुन्हा आगळ, पुन्हा ऊन. अशी चार-पाच पुटं बसली की सोल काळंभोर होतं आणि वर्षभर टिकतं. बियांचं भिरंडेल निघतं, ते थंडीत टाचांच्या भेगांना लावायला. काही म्हणता काही वाया जात नाही. पण मधेच ऊन गेलं, की पहिल्या दिवशी साली चिकट होतात आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर पांढरी बुरशी दिसायला लागते.

म्हणून मे महिन्याच्या शेवटच्या उन्हावर आमची भारी भिस्त. २०२५ साली त्या उन्हाने दगा दिला. तो आठवडा मी आमच्या बचत गटाच्या वहीत तारखेवार लिहून ठेवला आहे.

सोमवार, १९ मे. वळवाच्या सरी त्या महिन्यात आधीही येऊन गेल्या होत्या, त्यामुळे आधीच सगळ्यांची कामं मागे पडलेली. त्या दिवशी वारा अगदी पडलेला. माडाचं झावळ हलेना. आपण शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले, आठवतात ना? दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येतो तो खारा, रात्री जमिनीवरून समुद्राकडे जातो तो मतलई. किनाऱ्यावर जगणं सुसह्य होतं ते या खाऱ्या वाऱ्यामुळे. दुपारच्या आत तो सुटला की पारा चढायचा थांबतो. नागपूर-चंद्रपूरला ४५ होतात तेव्हा आमच्याकडे ३३-३४. टीव्हीवर ते आकडे बघून नागपूरची नणंद फोनवर म्हणते, “तुमची मजा आहे गं!” तिला एकदा मे महिन्यात माझ्या स्वयंपाकघरात भाकऱ्या भाजायला उभी करायची आहे.

घाम येतो तो शरीर थंड करायला. पण घाम वाळला तरच थंडावा मिळतो. किनाऱ्यावरची हवा आधीच पाण्याने भरलेली, ती घाम घेतच नाही. तो अंगावरून नुसता वाहतो आणि आतली उष्णता आतच राहते. हवामान खात्याच्या हिशेबात किनाऱ्यावर उष्णतेची लाट म्हणायला पारा निदान ३७ अंशांवर जावा लागतो आणि तोही नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वर. मैदानी भागात हीच मर्यादा ४० ची. म्हणजे ३४ अंशांत चुलीपुढे घामाघूम झालेली बाई कुठल्याच लाटेत बसत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला भर दुपारी मोकळ्या मैदानात झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने माणसं दगावली, तेव्हाही पारा ३८ च्या आसपासच होता. दमट हवेतले ३८ म्हणजे काय, ते तेव्हा अनेकांना कळलं.

आमच्या मासळी बाजारात बसणाऱ्या बायका तर सकाळपासून पाणीच पीत नाहीत. कारण तुम्हाला ठाऊक आहे. जायची सोय नाही. जी आहे तिथे जाववत नाही. त्यातली एक मला म्हणाली, “पाणी पियालंय तर जातलंय खंय?” लघवीची जळजळ, चक्कर, डोकेदुखी यांच्या गोळ्या पदराला बांधूनच त्या येतात. आरोग्य शिबिरात मीठ-साखर-पाणी प्या म्हणून सांगताना माझी जीभ अडखळते ती यामुळे. प्यायला सांगायचं आणि दार दाखवायचं नाही, हे कसलं सांगणं?

असो. मंगळवारी दुपारी शेजारच्या काकी गडग्यावरून ओरडल्या, “वयनीनू, सोलां उचला, पाऊस येतलो!” काकींना मोबाईल वाचता येत नाही. समुद्राची गाज कुठल्या बाजूने येते आणि दक्षिणेला ढग कसे बसलेत, यावर त्यांचं चालतं. माझ्या मोबाईलवरही खात्याचा इशारा आलेला होता, पण खरं सांगायचं तर अंगण रिकामं झालं ते काकींच्या हाकेने. सुपं, रोवळ्या, जुन्या साड्या, ताडपत्री, जे हाताला लागेल त्यात भरून आम्ही आत धावलो. मग जो पाऊस लागला तो लागलाच.

बुधवारी वीज नाही. गुरुवारी येऊन-जाऊन. घरात बघावं तिथे सोलं. पलंगाखाली, कपाटावर, देवघराच्या पायरीशी. शेजारी खारवलेल्या बांगड्यांची टोपली, कारण तीही आत आणावी लागली. तो वास तुम्हाला लिहून सांगता येणार नाही. वीज असेल तेवढा वेळ पंखा माणसांच्या वाट्याला कमी आणि सोलांच्या वाट्याला जास्त. चुलीच्या वर तट्ट्या बांधून काहींनी थोडी वाळवली, पण त्यांना धुराचा वास बसला. ती घरी खायला ठीक, गिऱ्हाइकाला कशी द्यायची?

अरबी समुद्रात आमच्या किनाऱ्यासमोरच कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं होतं. ते बळावलं आणि शनिवारी, २४ तारखेला, रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे किनारा ओलांडून आत आलं. त्याच दिवशी मान्सून केरळात पोचला, एरवीच्या १ जूनच्या आठ दिवस आधी. आणि रविवारी, २५ मे रोजी, तो थेट देवगडपर्यंत आल्याचं खात्याने जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी मुंबईही गाठली, इतक्या लवकर तो मुंबईत गेल्या कित्येक वर्षांत आला नव्हता. पंचांगात बघितलं तर रविवारीच सूर्य रोहिणीत गेलेला. रोहिणीच्या मुहूर्तावर सुक्या मातीत भाताचा पेरा करायचा, ही शेतकऱ्याची रीत. तिथे आता चिखल. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, म्हणून त्याआधीचे शेवटचे आठ-दहा दिवस मच्छीमाराच्या घरी फार मोलाचे. तेही गेले. होड्या वर ओढल्या आणि सुकवायला मासळीच आली नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. आमच्या गटात बारा जणी आहेत. त्यातल्या सात जणींची त्या वर्षीची निम्म्याहून जास्त सोलं फुकट गेली. एकीने त्याच पैशांत मुलीची बारावीनंतरची फी भरायची ठरवलेली. दुसरीने रातांबे विकत घेतले होते, म्हणजे वर कर्ज. नुकसानीची चौकशी करायला आम्ही एका कार्यालयात गेलो. तिथे सांगण्यात आलं, “बाई, सोलं हे पीक नव्हे.” बरोबरच आहे! कोकणात हवामानावरचा फळपीक विमा आंब्याला आहे, काजूला आहे. झाडावरचं फळ गेलं तर पंचनामा होतो. तेच फळ बाईने फोडून, खारवून, चार वेळा उन्हात घालून अंगणात पसरलं, की ते कुठल्याच रकान्यात बसत नाही. तिची मजुरी तर आधीपासूनच कुणी धरत नाही. पुट देताना आगळाने हाताची सालं निघतात, ते तर सोडूनच द्या.

त्या आठवड्यात ज्या दोघी-तिघी वाचल्या, त्या आगळामुळे. झाडावर उरलेल्या रातांब्यांची सोलं करायच्या फंदात त्या पडल्याच नाहीत. साली-गर फोडून मिठात घातला, पिंप घट्ट झाकलं. आगळाला ऊन लागत नाही, मीठ पुरेसं असलं की झालं. वर्षभर सोलकढीला तेच चालतं आणि हॉटेलवालेही नेतात. अर्धवट वाळलेली सोलं एकीने पुन्हा आगळातच बुडवून ठेवली आणि पावसाने उघडीप दिली तेव्हा बाहेर काढली. तीही चांगली निघाली. रंग थोडा उतरला, एवढंच. कोकम सरबताला मात्र उन्हात ठेवलेली साखरेची बरणी लागते, त्यामुळे ते त्या वर्षी जेमतेमच झालं.

वेंगुर्ल्याला कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. तिथली ‘कोकण अमृता’ ही कोकमाची जात लवकर तयार होते, पावसात सापडत नाही. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी कलमं जरूर लावावीत. पण कलम फळाला येईपर्यंत काय करायचं? शिवाय आमच्या बऱ्याच जणींच्या नावावर झाड लावायलाही जमीन नाही. अंगण आहे, तेही सासऱ्यांच्या नावावर.

तेव्हा गटात असं ठरलं की सगळ्यांनी मिळून एक वाळवणघर करायचं. बांबूचा सांगाडा, वर पारदर्शक प्लास्टिक, बाजूंना वारा जायला जाळी, आत जमिनीपासून वर तट्ट्या. पाऊस आला तरी धावपळ नको. सोलं तिथे, साठं तिथे, मासळी मात्र वेगळी, नाहीतर फणसाच्या साठांना बांगड्याचा वास! बांबू एकीच्या परसातलेच आहेत. प्लास्टिकचे पैसे बचतीतून काढायचे. आता वाद एवढाच उरलाय की, दिवसभर ऊन कुणाच्या अंगणात राहतं. काकी म्हणतात त्यांच्या. माझ्या अंगणात दुपारी तीननंतर फणसाची सावली येते, त्यामुळे मी गप्प आहे.