धांड्याची गाडी, भुलाबाईचे मखर

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग लोकांच्या बोलण्यातच पडलेले आहेत : घाटावरचा आणि घाटाखालचा. चिखली, मेहकर, लोणार घाटावर. मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. माती, पाणी, हवा या बाबतींत दोहोंत फरक आहे. मुलांच्या खेळण्यांचे कोठार मात्र दोन्हीकडे एकच होते आणि ते म्हणजे ज्वारीचे शेत. भुलाबाईचे मखर, धांड्याची बैलगाडी, खिरापतीच्या लाह्या हे सारे त्या एका पिकातून निघत असे. बाजारातून काही आणावे लागत नसे. खर्चाच्या रकान्यात शून्य आणि जमेच्या बाजूला मुलांचे भरलेले दिवस, असा तो व्यवहार होता.

हे कोठार आता आटत चालले आहे. खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीन, कपाशी आणि मका यांनी घेतली. त्यामागे कारणेही आहेत. सोयाबीन सुमारे शंभर दिवसांत निघते आणि दिवाळीच्या तोंडावर हाती पैसा देते. ज्वारीवर पाखरे पडतात, परतीच्या पावसात कणीस भिजले की दाणा काळा पडतो, सोंगणीला मजूर मिळत नाहीत. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, ज्वारीच्या भाकरीचे गुणगान झाले. तथापि शेतातील हिशेब तेवढ्याने बदलला नाही. शेतकऱ्याचा तो हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु सोयाबीनला धांडा नसतो, आणि धांड्याबरोबर मुलांच्या हातातील एक कलाही निघून चालली आहे, याची नोंद कोणत्याही खातेवहीत होत नाही.

पाच धांड्यांचे मखर

पश्चिम महाराष्ट्रात भोंडला, हादगा. तशी विदर्भ-खानदेशात भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेला भुलोबा आणि भुलाबाई यांच्या मातीच्या मूर्ती घरात येतात आणि कोजागिरीपर्यंत, म्हणजे महिनाभर, मुली रोज सायंकाळी एकमेकींच्या घरी जमून टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात. कोजागिरीला मखर उभारतात. त्याची कृती सोपी आहे. कणसासह कापलेले पाच धांडे घ्यावेत. कणसांच्या खाली ते सुतळीने एकत्र बांधावेत, बुडखे पाटाभोवती पसरून रोवावेत आणि मधल्या जागेत मूर्ती मांडावी. सभोवती झेंडूची माळ सोडली की मखर सजले. उंची मुलाच्या खांद्याएवढी ठेवल्यास बांधण्याचे काम मुलांना स्वतःच करता येते. ज्वारी मिळाली नाही तर मक्याचे धांडेही चालतात.

भुलाबाईतील खरा खेळ खिरापत ओळखण्याचा. झाकलेला डबा हलवून आवाज ऐकायचा, ‘गोड की तिखट?’ असे विचारायचे आणि कान, नाक व तर्क यांच्या बळावर पदार्थ सांगायचा. ओळखता येऊ नये म्हणून डब्यात खडखडणारे फुटाणे आणि न वाजणारे खोबरे एकत्र ठेवण्याची युक्ती मुले आपोआप शिकतात. ज्या घरांत सूर्यास्तानंतर आहार घेत नाहीत, तेथे हा कार्यक्रम तासभर आधी ठेवावा. ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, गूळ-खोबरे अशी खिरापत सर्वांनाच चालते. मुलग्यांनाही या फेरात अवश्य घ्यावे. ओळखण्याच्या खेळाला मुलगा-मुलगी असा भेद नाही.

कडब्याची बैलगाडी

ज्वारी निघाली, कडबा वाळला की थंडीच्या दिवसांत गाडीचा हंगाम सुरू होतो. वाळलेल्या धांड्याला दोन अंगे असतात : वरचे कठीण, चकचकीत साल आणि आतला हलका, पांढरा गर. गराचे तुकडे ही लाकडे आणि सालाच्या काड्या हे खिळे, एवढे ध्यानात आले की उरलेले मुलांच्या बुद्धीवर सोडावे. साल सोलण्याचे काम मात्र मोठ्यांनी करावे, कारण त्याची धार पात्यासारखी बोट कापते.

एक वीत लांबीचे गराचे दोन तुकडे समांतर ठेवावेत. त्यांच्यावर आडवे तीन लहान तुकडे मांडून सालाच्या टोकदार काड्यांनी ते खालच्या तुकड्यांत टोचून बसवावेत. ही झाली साटी. बुडख्याकडील जाड भागाच्या बोटभर रुंदीच्या चकत्या म्हणजे चाके आणि सालाची लांब काडी म्हणजे आस. बैलासाठी गराचा एक लांबट तुकडा घेऊन त्याला चार काड्यांचे पाय व दोन काड्यांची शिंगे लावावीत. काडी जोराने खुपसली तर गर फाटतो. ती हळूहळू फिरवत आत न्यावी लागते. पहिल्या एक-दोन गाड्या बहुधा मोडतात. त्या मोडू द्याव्यात. तयार खेळणे तुटले की मूल रडते. स्वतः केलेले तुटले की दुसरा धांडा शोधते.

चिंचोके आणि पट

उन्हाळ्यात चिंचा फोडल्या की चिंचोके उरतात. दोन चिंचोके मधोमध फोडून त्यांच्या चार डाळी कराव्यात. प्रत्येकीची एक बाजू काळी, दुसरी पांढरी, हेच फासे. जितक्या पांढऱ्या बाजू वर, तितके दान; चारही पांढऱ्या पडल्यास चार, चारही काळ्या पडल्यास आठ. पाच गुणिले पाच अशा पंचवीस घरांचा पट खडूने फरशीवर आखावा. चारही कडांची मधली घरे आणि मध्यातील घर यांवर फुली मारावी. तेथे सोंगटी सुरक्षित. सोंगट्या बाहेरच्या रांगेतून फिरून आतल्या रांगेत येतात आणि शेवटी मध्यात पोहोचतात. अष्टाचंग या नावाने तो अनेकांना ठाऊक आहे.

जैन परंपरेतील ज्ञानबाजीचा पटही असाच घरी आखता येतो. ८४ घरांच्या या पटावर शिडीने गुणाकडे चढायचे आणि सर्पाने दोषाकडून खाली यायचे. पर्युषणाच्या काळात तो खेळण्याची रीत होती. हाच भारतीय खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जाऊन सापशिडी झाला. मुलांनी मोठ्या कागदावर पट आखावा आणि प्रत्येक शिडीखाली कोणता गुण व प्रत्येक सापाच्या तोंडी कोणता दोष लिहायचा, हे आजी-आजोबांशी बोलून ठरवावे. पावसाळ्यातील एक दुपार त्यात सहज जाते, आणि रागाचा साप किती लांब काढायचा यावर घरात मनमोकळी चर्चा होते.

अंगणातील पंधरा धांडे

शेतात ज्वारी परत आणणे घरातील पालकांच्या हाती नाही. पंधरा धांडे मात्र आहेत. मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर जूनअखेरीस घराच्या परसात, दाराशी किंवा शाळेच्या कुंपणाकडेला मुलांच्या हातून मूठभर ज्वारी पेरून घ्यावी. रोपे वीतभर झाली की विरळणी करून ती वीतभर अंतरावर राखावीत. त्यांना ऊन पुरेसे मिळावे, एवढीच अट. साडेतीन-चार महिन्यांत, कोजागिरीच्या सुमारास, कणसे भरतात.

पाच धांडे मखराला, उरलेले वाळवून गाड्यांना. त्यांची कणसे मात्र काढू नयेत. ती पाखरांसाठी तशीच उभी ठेवावीत. शेतकऱ्याला जी पाखरे परवडत नाहीत, ती अंगणाला परवडतात. खेळणे करण्यासाठी चार महिने थांबावे लागते आणि त्यातला वाटा पाखरांनाही द्यावा लागतो, हे ज्या मुलाने एकदा पाहिले, त्याला संयम आणि जीवदया यांचा वेगळा पाठ द्यावा लागत नाही.