पांढरी साडी, काळवंडलेला चेहरा

नवरात्रात रोजचा एक रंग ठरलेला, सोमवारचा पांढरा. ऑफिसात, लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या जिन्यात त्या दिवशी सकाळपासून मोबाइल निघतात आणि संध्याकाळी ग्रुपवरच्या कितीतरी फोटोंत साडी झकास, चेहरा काळवंडलेला. चौकटीत पांढरं जास्त झालं की कॅमेरा फसतो. समोर उजेड फार आहे असं धरून तो सगळा फोटोच अंधारा करतो. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवलं, की फोन चेहऱ्याच्या हिशेबाने उजेड मोजतो. तेवढं करा, निम्मं काम झालं.

२०२५च्या सप्टेंबरात जेमिनी या एआयकडून फोटोत शिफॉनची साडी नेसवून घेतलेल्यांना ही खटपट जुनाट वाटेल. ते फोटो मीही हौसेने पाहिले. पण त्यात असतं काय? मागे साधी भिंत, एका बाजूने तिरपं ऊन, किंचित वळलेली मान. हे सगळं घरात फुकट मिळतं, वर चेहराही आपलाच राहतो.

हौशी माणूस एवढ्यावर कुठवर जातो, हे छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्याकडे पाहून कळतं. या बाई १८१५ साली कलकत्त्यात जन्मल्या. कॅमेरा हाती आला तो थेट ४८व्या वर्षी, १८६३च्या डिसेंबरात. मुलगी-जावयाने भेट दिलेला. इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या घरी त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला आणि कोळशाच्या खोलीची डार्करूम. समोरच्याला कित्येक मिनिटं तसंच बसवून ठेवत. फोटो जरासे अस्पष्ट येत, त्यावर त्या काळच्या जाणकारांनी नाकं मुरडली. ती मुरडलेली नाकं आज कुणाला आठवत नाहीत. १८६७मध्ये काढलेलं खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचं छायाचित्र जरूर शोधून पाहा. काळोखातून पुढे येतो तो फक्त चेहरा आणि विस्कटलेले पांढरे केस. मागे बघण्यासारखं काही ठेवलेलंच नाही.

आपल्याला खुराडंही नको, घराचं दार पुरे. ऊन थेट अंगावर येणार नाही इतपत आत, दाराकडे तिरकं तोंड करून उभं राहायचं. ट्यूबलाइट बंद, नाहीतर एक गाल एका रंगाचा आणि दुसरा भलत्याच. अंधारातला गाल फारच काळा वाटला, तर त्या बाजूला कुणीतरी पांढरी चादर धरावी. शुक्रवारी हिरवा रंग असतो. भर उन्हात साडीचा हिरवा थेट हनुवटीखाली उमटतो, तेव्हा त्या दिवशी सावली गाठा.

फोटो काढणाऱ्याने अगदी जवळ जाऊ नये. फोनची नेहमीची लेन्स बरीच रुंद असते. हातभर अंतरावरून नाक मोठं आणि कान लहान दिसतात. पाचसहा फूट मागे सरकून दोनपट झूम करा. डोक्यातून तुळस उगवलेली नाही ना, कानामागे सिलिंडर नाही ना, हे आधी बघा. भिंतीपासूनही चार पावलं पुढे या, म्हणजे सावली भिंतीवर पडत नाही. पोर्ट्रेट मोडवर माझा फारसा विश्वास नाही. गजऱ्याच्या कडा आणि भुरभुरणारे केस तो सर्रास खातो.

आणि ‘हसा!’ म्हणून ओरडू नका, माणूस लगेच लाकडाचा होतो. भार एका पायावर, खांदे जरा तिरके, हनुवटी केसभर पुढे, एवढंच सांगा. मग हातांना काम द्या: पदराची पिन लावू दे, बांगड्या सारख्या करू दे. ते चाललेलं असताना फोटो काढत राहा. पिन लागल्यावर समोरची वर बघते, तो फोटो बहुधा चांगला येतो.

शनिवारचा राखाडी मात्र अवघड. सिमेंटच्या भिंतीपुढे साडी दिसतच नाही. त्या दिवसापुरतं शेजाऱ्यांचं रंगवलेलं दार मागून घ्या.