गर्दीचा कर आणि लहान मुलांचा दमा

मोटारींवर कर बसवला आणि त्यामुळे लहान मुलांचा दमा कमी झाला, असे कोणी सांगितले तर आपण हसू. कर आणि दमा यांचा संबंध काय? पण स्वीडन देशाची राजधानी स्टॉकहोम येथे हे घडले आहे आणि त्याचा काटेकोर अभ्यासही झाला आहे. ज्या घरात दम्याचे मूल आहे त्या घराने समजून घ्यावी अशी एक गोष्ट त्या अभ्यासातून हाती लागते. म्हणून आज हा थोडा वेगळा विषय.

गर्दीचा कर म्हणजे काय?

मोठ्या शहरांच्या मध्यभागी सकाळ-संध्याकाळ वाहनांची इतकी दाटी होते की गाड्या पुढे सरकण्यापेक्षा उभ्याच जास्त असतात. उभी गाडीही धूर सोडतेच. यावर उपाय म्हणून काही शहरांनी मध्यवर्ती भागात गाडी आणणाऱ्याकडून पैसे घेण्यास सुरुवात केली. सिंगापूरने १९७५ साली हा मार्ग प्रथम धरला, लंडनने २००३ साली.

स्टॉकहोम बेटांवर वसलेले शहर आहे. मध्यभागात शिरायचे तर बहुतेक ठिकाणी पूल ओलांडावा लागतो. त्यामुळे अठरा नाक्यांवर नजर ठेवली की काम भागले. आपल्याकडच्या जुन्या जकात नाक्याप्रमाणे तेथे गाडी थांबवावी लागत नाही. वर बसवलेला कॅमेरा नंबरप्लेटचा फोटो काढतो आणि पैसे मालकाच्या नावे लागतात. सुरुवातीला वेळेनुसार १०, १५ किंवा २० क्रोनर असा दर होता आणि दिवसाला जास्तीत जास्त ६० क्रोनर. रात्री आणि शनिवार-रविवारी काही नाही.

३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ या काळात हा कर केवळ प्रयोग म्हणून लावण्यात आला. नाक्यांवरून जाणाऱ्या वाहनांची संख्या जवळजवळ एक पंचमांशाने घटली. कोणी बस-रेल्वे धरली, कोणी वेळ बदलली, कोणी दोन कामे एका फेरीत उरकली. बसगाड्या तर ऑगस्ट २००५ पासूनच वाढवल्या होत्या. पण तेवढ्याने मोटारी कमी झाल्या नव्हत्या. कर लागल्यावर मात्र फरक दिसला.

प्रयोग संपला, कर उठला आणि गर्दी पुन्हा बरीचशी वाढली. सप्टेंबर २००६ मध्ये लोकांचे मत घेण्यात आले. आधी नाके मुरडणाऱ्या शहरवासीयांनी थोड्या फरकाने का होईना, कराच्या बाजूने कौल दिला. १ ऑगस्ट २००७ पासून तो कायमचा झाला.

अभ्यास कसा केला?

एखाद्या गोळीने अंगावर पित्त उठते अशी शंका आली तर आम्ही डॉक्टर ती गोळी बंद करून पाहतो. पित्त गेले तर शंका बळावते. स्टॉकहोममध्ये तसेच झाले. आधी कर नव्हता, मग आला, मग गेला, पुन्हा आला. संशोधकांना याहून सोयीची परिस्थिती कोणती मिळणार?

तरीही एक अडचण राहते. दमा ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतो. थंडी, सर्दी-पडशाची साथ, फुलांचे पराग यांनी तो उसळतो. एखाद्या वर्षी साथ सौम्य असली तर दमा आपोआप कमी दिसेल आणि श्रेय कराला जाईल. म्हणून एमिलिया सिमेओनोव्हा, जॅनेट करी, पीटर निल्सन आणि रीड वॉकर या चार संशोधकांनी स्टॉकहोमची तुलना कर नसलेल्या इतर स्वीडिश शहरांशी केली. थंडी आणि साथी सगळीकडेच असतात; कर मात्र एकाच ठिकाणी होता. स्वीडनमध्ये रुग्णालयांच्या नोंदी व्यवस्थित ठेवल्या जातात. त्यांवरून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना दम्याचा तीव्र झटका येऊन उपचारांसाठी आणावे लागल्याचे प्रमाण त्यांनी तपासले.

काय आढळले?

हवेतील प्रदूषण ५ ते १५ टक्क्यांनी कमी झाले. हा बदल लगेच दिसला. मुलांच्या दम्याचे मात्र तसे झाले नाही. प्रयोगाच्या सात महिन्यांत झटके थोडेच कमी झाले. कर कायम झाल्यानंतर ते हळूहळू उतरत गेले आणि पुढे जवळजवळ निम्म्यावर आले.

हवा आधी सुधारली, छाती नंतर सुधारली. या अभ्यासाचे सार एवढेच. सात महिन्यांचा हिशेब पाहून कोणी म्हणाले असते, 'मुलांच्या तब्येतीला फारसा फायदा नाही, कर काढून टाका,' तर खरा फायदा कधी दिसलाच नसता.

उशीर का लागला?

दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते. धुरातील सूक्ष्म कण आणि नायट्रोजन डायऑक्साइड वायू हे अस्तर रोज चोळत राहतात. सुजलेली नळी मग हळवी होते. थोडी थंड हवा, साधी सर्दी एवढेही तिला पुरते. ती आवळते, कफ साचतो, छातीत घरघर सुरू होते. धूर आज कमी झाला म्हणून महिनोन्‌महिने मुरलेली सूज उद्या ओसरत नाही. जखमेवरचे घासणे थांबले तरी ती भरायला दिवस लागतात, तसेच हे आहे.

मोठ्यांपेक्षा मुलांना त्रास जास्त का? लहान मूल मिनिटाला वीस ते तीस वेळा श्वास घेते, मोठा माणूस बारा ते अठरा. मुलाच्या श्वासनलिका मुळातच अरुंद, त्यामुळे थोड्या सुजेनेही वाट बंद होऊ लागते. शिवाय फुप्फुसांची वाढ चालू असते आणि उंचीमुळे नाक गाडीच्या धुराड्याच्या जवळ असते.

लंडनचा अनुभव

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लंडनमध्ये १७ फेब्रुवारी २००३ पासून गर्दीचा कर लागला. पहिल्या वर्षात वाहतूक घटली, खोळंबा कमी झाला. परंतु किंग्ज कॉलेज, लंडनचे प्राध्यापक फ्रँक केली यांच्या चमूने हवेची मोजमापे तपासली तेव्हा कराचा ठळक परिणाम सापडला नाही. कराचे क्षेत्र बृहन् लंडनच्या जेमतेम दीड टक्का होते आणि वारा काही नाका पाहून थांबत नाही. म्हणजे गर्दीचा कर हे रामबाण औषध नव्हे. क्षेत्र किती, गाड्या कोणत्या, बससेवा कशी, यावर गुण ठरतो. मात्रा चुकली तर चांगले औषधही लागू पडत नाही.

आपण काय घ्यावे?

आपल्या गावात असा कर नाही. पण धूर आहे आणि दम्याची मुलेही आहेत. तेव्हा काही गोष्टी आपल्या हाती आहेत.

शाळेच्या फाटकाशी मुलाची वाट पाहताना गाडीचे इंजिन बंद ठेवा. मुलाला चालत नेताना हमरस्त्याऐवजी आतली गल्ली धरा, चार पावले जास्त पडली तरी चालतील. तोंडाला रुमाल बांधल्याने धूळ अडते, धुरातील बारीक कण अडत नाहीत. घरातली चूल, अंगणात जाळलेला कचरा, वडीलधाऱ्यांची विडी हाही धूरच. तो तर कोणताही कर न लावता आजच थांबवता येतो.

रोजच्या औषधाचेही असेच आहे. सूज उतरवणारा रोजचा इन्हेलर सुरू केला की आठ दिवसांत पालक विचारतात, 'डॉक्टर, फरक नाही, बंद करू का?' तो पूर्ण लागू पडायला काही आठवडे लागतात. बरे वाटू लागले म्हणून मनाने बंद करू नका. त्याची सवय लागते हा समज चुकीचा आहे. मात्र मूल बोलताना अडखळत असेल, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर वाट पाहू नका. ताबडतोब दवाखाना गाठा.

स्टॉकहोमच्या मुलांना बरे व्हायला वेळ लागला, पण ती बरी होत गेली, कारण धूर पुन्हा वाढू दिला नाही. दम्याच्या बाबतीत पथ्य आठवड्याचे नसते. ते वर्षानुवर्षे पाळावे लागते, घरानेही आणि गावानेही.