तळ्यातील मिश्र वस्तीत नव्या माशाची भर

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्यात, नांदेड-हिंगोली मार्गावर डोंगरकडा हे गाव आहे. पैनगंगेवरील इसापूर धरणाच्या लाभक्षेत्रात या तालुक्याचाही काही भाग येतो आणि डोंगरकडा-वारंगा फाटा हा पट्टा केळीच्या बागांसाठी परिचित आहे. अशा बागायती परिसरात गावतळे आणि शेततळे ही केवळ पाण्याची साठवण राहिलेली नाही. मत्स्यसंवर्धनाने ती उत्पन्नाचीही साधने होऊ शकतात. परंतु तळ्यात कटला, रोहू व मृगळ हे मासे नांदत असताना "आणखी एक जात सोडावी काय?" असा प्रश्न पुढे येतो, तेव्हा त्याचे उत्तर बाजारभावावरून देऊन चालत नाही. ते तळ्यातील अन्नाच्या हिशेबावरूनच द्यावे लागते.

एका तळ्यात अनेक थर

तळ्याचे पाणी वरून एकसारखे दिसले, तरी त्यात अन्नाचे निरनिराळे थर असतात. कटला वरच्या थरात राहून मुख्यतः प्राणी-प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव खातो. रोहू मधल्या थरात चरतो. मृगळ तळाशी राहून कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांवर जगतो. तिघांची पंगत एकाच वेळी बसते, पण पाने वेगळी असतात. मिश्र मत्स्यसंवर्धनाचे सारे तत्त्व एवढ्यात सामावले आहे.

या त्रयीला पुढे तीन परदेशी जातींची जोड मिळाली. चंदेरा व गवत्या हे मासे १९५९ साली भारतात आणले गेले. सायप्रिनस त्यापूर्वीच आला होता. १९७१ पासून अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाद्वारे या सहा जातींच्या एकत्रित संवर्धनाचा अभ्यास देशाच्या निरनिराळ्या भागांत करण्यात आला. शंभर बोटुकलींमागे कटला १५, रोहू २५, मृगळ १५, चंदेरा २०, गवत्या १० व सायप्रिनस १५ असे एक प्रमाण सर्वसाधारणपणे धरता येते. तळ्याची खोली, तळाची माती व पाणवनस्पती पाहून त्यात फेरबदल करावा लागतो.

कोणाची भर हिताची?

गवत्याचे उदाहरण बोधप्रद आहे. तळ्यात पाणवनस्पती माजल्या असतील, तर त्या खाणारा दुसरा कोणीही या वस्तीत नसतो. गवत्या ती रिकामी जागा भरतो. त्याची विष्ठा अर्धवट पचलेली असल्याने पाण्याला खत मिळते व इतरांचे अन्न वाढते. पाणवनस्पती संपल्यावर त्याला हिरवा चारा किंवा केळीची कोवळी पाने चिरून देता येतात. डोंगरकड्यासारख्या परिसरात ही सोय बांधावरच आहे. मात्र नुकतीच औषधफवारणी झालेल्या बागेतील पाने कदापि टाकू नयेत. शिवाय साचलेल्या पाण्यात गवत्याचे प्रजनन होत नाही. जितके सोडले तितकेच, त्यामुळे संख्या हाताबाहेर जात नाही.

चंदेऱ्याबाबत मात्र सावधगिरी हवी. तो कटल्याप्रमाणेच वरच्या थरात प्लवंगांवर जगतो. त्याचा प्रमुख आहार वनस्पती-प्लवंग असला, तरी दोघांत काही प्रमाणात स्पर्धा होतेच. हिमाचल प्रदेशातील गोविंदसागर जलाशयात १९७१ साली चंदेरा अनवधानाने शिरला. पुढे त्याचीच संख्या वाढत गेली आणि कटल्याचे उत्पादन घटले. सायप्रिनस अन्न शोधताना तळ व बांध उकरतो. कच्च्या बांधाच्या गावतळ्यात हा दोष ध्यानात घ्यावा. प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात तळाचा गाळच अल्प असल्याने तळाशी चरणाऱ्या माशांचे प्रमाण कमी ठेवणे इष्ट ठरते.

शाळेतील काचपात्राचा धडा

हाच नियम शोभिवंत माशांनाही लागू आहे. समुद्री प्रवाळांच्या काचपात्रात एंजल माशाची बुटकी जात सोडावयाची झाल्यास जाणकार ती सर्वांत शेवटी सोडतात. कारण हा मासा एकदा आपली हद्द ठरवून बसला की नंतर येणाऱ्यांना हुसकावतो. प्रसंगी प्रवाळांनाही टोचतो. शिक्षकांनी शाळेतील साध्या काचपात्रातूनही नव्याजुन्या माशांचे हे वर्तन विद्यार्थ्यांना दाखवावे. काचपात्रात चूक झाली, तर हानी चार काचांच्या आत राहते. तळ्यातील चूक पावसाळ्यात सांडव्यावरून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जाते.

जी भर घातक ठरते

मोझांबिक तिलापिया १९५२ साली भारतात आला. तो साचलेल्या पाण्यातही वारंवार प्रजनन करतो. तळे लहान माशांनी भरते आणि कोणाचीच पुरेशी वाढ होत नाही. थाई मांगूर या नावाने विकला जाणारा मूळचा आफ्रिकी मासा त्याहून घातक आहे. तो इतर मासे खातो, हवेतून श्वास घेतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जाऊ शकतो. त्याच्या संवर्धनावर २००० साली बंदी घालण्यात आली. त्यानंतरही राज्यात त्याचे चोरटे संवर्धन आढळून साठे नष्ट करावे लागले आहेत. एका हंगामाच्या नफ्यासाठी असा मासा सोडणे म्हणजे नदीवर उपजीविका करणाऱ्या भोई कुटुंबांच्या जाळ्यातील घास काढून घेणे होय.

भर घालण्याची रीत

भर म्हणजे एकूण संख्येत वाढ नव्हे. शंभर गवत्या सोडावयाचे असतील, तर इतर जातींची बोटुकली त्या मानाने कमी करावी. अन्यथा प्राणवायू अपुरा पडतो. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात, ही त्याची खूण होय. तळ्यात मरळ किंवा शिवडा यांसारखे शिकारी मासे असल्यास आधी जाळे फिरवून ते काढावेत. नवे बीज खात्रीच्या केंद्रातूनच घ्यावे, अन्यथा कटल्याच्या नावाखाली भलतेच मासे येतात. जुनी वस्ती असलेल्या तळ्यात अगदी लहान बीजाऐवजी सुमारे १० सेंटिमीटर लांबीची बोटुकली सोडल्यास ती अधिक जगतात. सोडण्यापूर्वी ती मिठाच्या पाण्यात अल्पकाळ बुडवून काढावीत, म्हणजे अंगावरील परजीवी कमी होतात. बीजाची पिशवी सकाळी किंवा सायंकाळी तळ्यावर १५ ते २० मिनिटे तरंगत ठेवावी, तळ्याचे पाणी तिच्यात थोडेथोडे मिसळावे आणि मग मासे आपणहून बाहेर पडू द्यावेत.

गावतळे मासेमारीसाठी ठेक्याने देताना ग्रामपंचायतीचे लक्ष बहुधा रकमेकडे असते. त्याच करारात कोणत्या जाती सोडता येतील, कोणत्या सर्वथा वर्ज्य आहेत आणि बीज सोडताना पंचायतीचा प्रतिनिधी उपस्थित राहील, ही तीन कलमे घातल्यास खर्च काहीच येत नाही. ठेक्याची मुदत संपते, ठेकेदार बदलतो. परंतु तळ्यात एकदा शिरलेला मासा मुदत पाळत नाही.